चिंध्यांचा संसार : पट्ट्यांच्या गोधडीची गोष्ट

सणासुदीचे दिवस सरले की शिंप्याच्या दुकानातील यंत्राखाली कातरणाचा ढीग साचलेला दिसतो. ब्लाउजच्या बाहीतून उरलेली बोटभर पट्टी, शर्टाच्या कॉलरमागचा तुकडा, परकराच्या घेरातून निघालेली लांब चिंधी. यांतील मोठे तुकडे कोणीतरी उचलते. त्यांची पिशवी होते, उशीचा अभ्रा होतो. अरुंद, वेड्यावाकड्या पट्ट्यांना मात्र कोणी वाली नसतो. यंत्र पुसायला, भांडे धरायला त्या उपयोगी पडतात आणि अखेर कचऱ्याच्या गाडीत जातात. नेमक्या याच पट्ट्यांसाठी शिवणकलेने एक पद्धत घडविली आहे. अमेरिकेत तिला ‘स्ट्रिंग क्विल्ट’ असे नाव आहे. मराठीत तिला पट्ट्यांची गोधडी म्हणता येईल.

‘स्ट्रिंग’ म्हणजे येथे दोरा नव्हे. इतर कोणत्याही नक्षीसाठी फार अरुंद ठरलेली, दोरीसारखी लांबट चिंधी असा तिचा अर्थ. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शिवणयंत्रे अमेरिकेतील घराघरांत पोहोचू लागली, गिरण्यांचे छापील सुती कापड स्वस्त झाले आणि घरोघरी उरलेल्या तुकड्यांच्या पेट्या भरू लागल्या. १९२९ नंतरच्या महामंदीत तर नवे कापड विकत घेणे अनेक कुटुंबांना परवडेनासे झाले. पिठाच्या आणि पशुखाद्याच्या सुती गोण्या उसवून त्यांचे कपडे शिवले गेले. त्या कपड्यांतून उरलेल्या पट्ट्या गोधड्यांत गेल्या. जुनी वर्तमानपत्रे आणि टपालाने येणाऱ्या माल-सूचींची पाने यांचे चौकोन कापून त्यांवर या पट्ट्या शिवल्या जात. टंचाईतून जन्मलेली ही रीत पुढे एक मान्यताप्राप्त कला ठरली.

नदीच्या वळणावरचे गाव

चिंधीच्या गोधडीला जगाच्या नकाशावर स्थान मिळवून देणारे गाव म्हणजे अमेरिकेच्या अलाबामा राज्यातील जीज् बेंड. अलाबामा नदीने तीन बाजूंनी वेढलेल्या या वळणावर एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी कापसाचा मळा उभा राहिला. तेथे राबणाऱ्या गुलामांचे वंशज गुलामगिरी संपल्यानंतरही त्याच जमिनीवर वाट्याने शेती करीत राहिले. मळ्याच्या एका मालकाचे ‘पेटवे’ हे आडनाव आजही त्या गावातील अनेक कुटुंबे लावतात.

या गावाचा इतिहास कर्जाच्या दृष्टीनेही बोलका आहे. बी-बियाणे आणि किराणा उधारीवर देणाऱ्या व्यापाऱ्याचे निधन झाल्यावर १९३२ साली त्याच्या वारसांनी वसुलीसाठी गावावर धाड घातली. गुरे, औजारे, साठविलेले धान्य, जे हाती लागले ते गाड्यांत भरून नेण्यात आले. तो हिवाळा गावाने रेडक्रॉसच्या शिध्यावर काढला. पुढे १९३७ मध्ये संघराज्य सरकारने तेथील जमीन विकत घेतली आणि १९४० च्या दशकात ती कमी व्याजाच्या कर्जावर त्याच कुटुंबांच्या नावे होऊ लागली. एका कर्जाने गावाचे होते नव्हते ते नेले. दुसऱ्या कर्जाने पायाखालची जमीन दिली.

या सर्व काळात तेथील स्त्रिया गोधड्या शिवीत होत्या. फळ्यांच्या घरांतून थंड वारा आत येई आणि पांघरुणाला दुसरा पर्याय नव्हता. १९४२ मध्ये मिसूरी पेटवे या स्त्रीने आपल्या दिवंगत पतीच्या शेतातील कामाच्या कपड्यांतून एक गोधडी शिवली. झिजलेल्या विजारींचे निळे, राखाडी तुकडे आणि त्यांवर उन्हातान्हात उमटलेले फिके डाग तिने तसेच राहू दिले. पतीची आठवण पांघरता यावी, एवढाच तिचा हेतू होता. साठ वर्षांनंतर, २००२ साली, ह्यूस्टनच्या ललित कला संग्रहालयात आणि त्यानंतर न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात जीज् बेंडच्या गोधड्यांचे प्रदर्शन भरले, तेव्हा कलासमीक्षकांनी या कामाची तुलना आधुनिक चित्रकलेशी केली. २००६ मध्ये अमेरिकेच्या टपाल खात्याने या गोधड्यांची तिकिटे काढली.

दरम्यान १९६६ मध्ये या परिसरातील स्त्रियांनी ‘फ्रीडम क्विल्टिंग बी’ नावाची सहकारी संस्था स्थापन केली होती. मतदानाच्या हक्कासाठीच्या चळवळीचा तो काळ होता. मतदार म्हणून नाव नोंदविल्यामुळे काही कुटुंबांना जमीनमालकांनी घराबाहेर काढले होते. अशा वेळी गोधड्यांच्या विक्रीतून येणारा पैसा हा स्त्रियांच्या हाती आलेला स्वतःचा पैसा होता. १९७२ मध्ये सिअर्स या विक्रेत्या कंपनीकडून उशांच्या कॉर्डरॉय आवरणांचे काम संस्थेला मिळाले. आवरणे कापून उरलेल्या कॉर्डरॉयच्या पट्ट्या स्त्रिया घरी नेत आणि त्यांतूनही गोधड्या तयार होत. ही संस्था २०१२ साली बंद झाली. गावातील शिवणकाम मात्र चालूच आहे.

पायाचे कापड : युक्तीचे मर्म

पट्ट्या एकमेकींना नुसत्या जोडत गेल्यास काय होते, हे ज्यांनी करून पाहिले आहे त्यांना ठाऊक असते. कडा लाटांसारख्या होतात, चौकोन चौकोन राहत नाही, दोन तुकडे एकमेकांस जुळत नाहीत. याचे कारण विणकामात आहे. कापडाचा उभा आणि आडवा धागा फारसा ताणला जात नाही. तिरक्या दिशेने म्हणजे उरेब मात्र कापड सहज ताणले जाते. कातरणातील पट्ट्या कोणत्या दिशेने कापल्या गेल्या आहेत याचा नेम नसतो. एक पट्टी सरळ, दुसरी उरेब, तिसरी पातळ वायलची, चौथी जाड पॉपलिनची. प्रत्येकीचा ताण निराळा असतो.

पट्ट्यांच्या गोधडीत या सर्वांखाली एक पायाचे कापड घालतात. मांजरपाटाचा किंवा जुन्या सुती चादरीचा, सरळ धाग्यावर कापलेला चौकोन घेऊन त्यावर पट्ट्या शिवल्या की ताण पट्ट्यांवर न येता पायावर येतो. वरच्या पट्ट्या कितीही विसंगत असल्या तरी चौकोनाची चारही टोके जागच्या जागी राहतात. या पद्धतीचे सारे मर्म या एका युक्तीत आहे. पाया कागदाचाही चालतो. मात्र तो शेवटी फाडून काढावा लागतो, त्यामुळे टाका बारीक, सुमारे दीड मिलिमीटरचा ठेवावा लागतो. कागद त्या छिद्रांच्या रेषेवर सहज फाटतो. वर्तमानपत्राची शाई फिक्या कापडाला लागू शकते, म्हणून कोरा पातळ कागद बरा. कापडाचा पाया आत कायम राहतो आणि गोधडीला वजन व ऊब देतो.

प्रत्यक्ष कृती

प्रथम कातरण निवडावे. सुती कापड सुतीसोबत ठेवावे. टेरिकॉट, रेशीम आणि ताणला जाणारा होजिअरीचा कपडा वेगळा काढावा. सर्व तुकडे उशीच्या अभ्र्यात घालून, त्याचे तोंड बांधून धुवावेत. त्यामुळे धागे सुटून गुंता होत नाही. गडद लाल, निळे आणि काळे तुकडे आधी पांढऱ्या चिंधीसोबत कोमट पाण्यात भिजवून रंग जातो का ते पाहावे. न धुतलेले नवे कापड पुढे आटते आणि शिवलेल्या गोधडीला चुण्या पडतात.

नंतर पायाचे चौकोन कापावेत. २० सेंटिमीटरचा तयार चौकोन हवा असेल तर पाया २२ सेंटिमीटरचा कापावा. शिवण झाल्यावर तो छाटून साडेएकवीस सेंटिमीटरवर आणायचा असतो आणि जोडताना प्रत्येक बाजूस पाऊण सेंटिमीटर माया जाते.

पहिली पट्टी चौकोनाच्या एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरकी ठेवावी, सुलट बाजू वर. दुसरी पट्टी तिच्यावर उलटी ठेवून, दोघींची एक कड जुळवून, पायासकट पाऊण सेंटिमीटरवर शिवण घालावी. मग दुसरी पट्टी उलटून सपाट करावी आणि इस्त्री फिरवावी. तिसरी पट्टी दुसरीच्या मोकळ्या कडेवर, त्याच रीतीने. मध्यापासून दोन्ही कोपऱ्यांकडे असे जात राहिले की पाया झाकला जातो. कोपऱ्यावर अरुंद पट्टी ठेवू नये. तेथे जोडाच्या शिवणी एकत्र येतात आणि जाडी वाढते. कोपऱ्यासाठी एखादा रुंद तुकडा राखून ठेवावा. पट्ट्यांची रुंदी सारखी असण्याची आवश्यकता नाही. एका टोकाला रुंद, दुसऱ्या टोकाला निमुळती अशी पट्टीही चालते. कोन थोडा बदलतो आणि त्यानेच चौकोनाला चैतन्य येते.

पट्ट्या भरून झाल्यावर चौकोन पालथा घालावा आणि पायाच्या कडेला पट्टी लावून, कोपरे काटकोनात ठेवून छाटावा. तिरक्या शिवलेल्या पट्ट्यांची टोके चौकोनाच्या कडेवर उरेब येतात. पाया नसता तर याच कडा ताणल्या जाऊन वाकड्या झाल्या असत्या.

सर्व चौकोनांत मधली पट्टी एकाच रंगाची आणि एकाच रुंदीची ठेवली, तर चार चौकोन जोडताच त्या चार पट्ट्यांतून पतंगाच्या आकाराची, म्हणजे समभुज चौकोनाची नक्षी उमटते. उरलेल्या पट्ट्या कितीही बहुरंगी असोत, ही एक रेषा सर्वांना एकत्र बांधते. म्हणून मधल्या पट्टीसाठी मात्र एखादी जुनी एकरंगी साडी किंवा चादर बाजूला काढून ठेवणे हितावह ठरते.

चौकोन जोडून झाल्यावर वरचा थर तयार होतो. त्याखाली अस्तर घालावे. थंड प्रदेशात मधे कापसाचा किंवा लोकरीचा थर घालतात. महाराष्ट्राच्या बहुतेक भागांत कापडी पाया आणि जुन्या साडीचे अस्तर एवढी जाडी पुरते. तिन्ही थर जमिनीवर ताणून कच्चे टाके घालावेत, मग हाताने धावदोरा घालावा आणि शेवटी चहूबाजूंनी गोट लावावा.

कापडाचा हिशेब

एका माणसाच्या पांघरुणासाठी १६० सेंटिमीटर रुंद आणि २०० सेंटिमीटर लांब गोधडी हवी असेल, तर २० सेंटिमीटरचे आडवे ८ आणि उभे १०, असे ८० चौकोन लागतात. ९० सेंटिमीटर पन्ह्याच्या मांजरपाटातून एका ओळीत ४ पाये निघतात. ८० पायांसाठी सुमारे साडेचार मीटर कापड पुरते. घरातील जुनी चादर असेल तर तोही खर्च वाचतो.

पट्ट्यांच्या बाबतीत एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. गोधडीवर ३ सेंटिमीटर दिसणारी पट्टी कापताना साडेचार सेंटिमीटरची असावी लागते, कारण दोन्ही कडांची माया शिवणीत दडते. म्हणजे दिसणाऱ्या कापडाच्या दीडपट कापड लागते. पट्टी दीड सेंटिमीटरच दिसणार असेल तर ती ३ सेंटिमीटरची कापावी लागते आणि प्रमाण दुप्पट होते. फार अरुंद पट्ट्यांची गोधडी दिसते सुबक, परंतु ती कापड अधिक खाते, शिवणी अधिक मागते आणि जडही होते. वरील गोधडीचे क्षेत्रफळ ३.२ चौरस मीटर आहे. पट्ट्या सरासरी ३ सेंटिमीटरच्या दिसणार असतील तर किमान ४.८ चौरस मीटर कातरण लागेल आणि छाटणीत जाणारा भाग निराळा.

नवशिक्या व्यक्तीने प्रथम बाळाच्या दुपट्यापासून प्रारंभ करणे श्रेयस्कर. आडवे ४ आणि उभे ५, अशा २० चौकोनांतून ८० सेंटिमीटर बाय १०० सेंटिमीटरचे दुपटे होते. रोज एक चौकोन शिवला तरी तीन आठवड्यांत ते हाती येते.

आपल्याकडील भावंडे

पायावर चिंध्या बसविण्याची कल्पना भारताला नवीन नाही. महाराष्ट्रातील गोधडी किंवा वाकळ, बंगालची कांथा, बिहारची सुजनी, राजस्थान आणि सिंध प्रांतातील रल्ली ही सारी एकाच कुळातील वस्त्रे होत. जुन्या मऊ साड्यांचे थर धावदोऱ्याने एकजीव करणे हा त्यांचा समान धर्म. नवजात बालकाला सुजनीत गुंडाळण्याची प्रथा बिहारमध्ये आहे, तशीच आईच्या आणि आजीच्या साड्यांचे दुपटे बाळासाठी शिवण्याची रीत महाराष्ट्रातही आहे. बिहारच्या सुजनीला २००६ साली भौगोलिक उपदर्शनाची नोंदणी मिळाली.

पट्ट्यांच्या गोधडीशी सर्वांत जवळचे नाते सांगते ती उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दी समाजाची कवंदी. यल्लापूर, हल्याळ आणि मुंडगोड या भागांत राहणाऱ्या या समाजाचे पूर्वज आफ्रिकेतून आणले गेले होते. त्यांतील अनेक जण गोव्यातील पोर्तुगीजांच्या दास्यातून निसटून सह्याद्रीच्या जंगलात आले. त्यांची घरची बोली कोकणीला जवळची आहे. कवंदी शिवणारी स्त्री जुन्या साडीचा पाया अंथरते, एका कोपऱ्यापासून आरंभ करते आणि कडेकडेने तुकडे दुमडून, धावदोऱ्याने बसवीत, फेऱ्याफेऱ्याने मध्याकडे सरकत जाते. शेवटी चारही कोपऱ्यांवर घड्या घातलेल्या त्रिकोणी तुकड्यांचे ‘फुला’ शिवतात. त्यांच्याविना कवंदी उघडी मानली जाते. येथे यंत्र नाही, मोजपट्टी नाही. तत्त्व मात्र तेच, आधी पाया आणि मग चिंध्या. २००४ मध्ये सिद्दी स्त्रियांची गोधड्यांची सहकारी संस्था उभी राहिली आणि कवंदी देशाबाहेरील प्रदर्शनांपर्यंत पोहोचली.

श्रमांचा हिशेब

गोधडी विकायला निघाली की एक प्रश्न हटकून उभा राहतो. ‘चिंध्यांचीच तर आहे, मग एवढी किंमत कशी?’ ग्राहक हे विचारतो, आणि पुष्कळदा शिवणारी स्त्रीही मनातून हेच मानते. कापड फुकट आले म्हणून गोधडीची किंमत दोरा आणि अस्तर यांच्या खर्चावर थोडे चढवून सांगितली जाते. दुपारचे, रात्रीचे जे तास त्यात गेले, ते कोणत्याही वहीत लिहिलेले नसतात.

उदाहरणादाखल हिशेब मांडून पाहता येईल. एका चौकोनाला २० मिनिटे धरली, तर ८० चौकोनांना १६०० मिनिटे म्हणजे २६ तास ४० मिनिटे लागतात. जोडणी, कच्चे टाके, हाताचा धावदोरा आणि गोट यांना त्याहून थोडा अधिक वेळ धरला तर एकूण काम साठ तासांच्या घरात जाते. तासाला अवघे ५० रुपये धरले तरी मजुरीच ३,००० रुपये होते. पाया, अस्तर, दोरा, वीज आणि यंत्राची झीज यांचा खर्च त्यावर. ही गोधडी ८०० रुपयांना विकली गेली तर ती स्वस्त विकली असे म्हणणे अपुरे आहे. शिवणारीने स्वतःच्या खिशातून ग्राहकाला पैसे दिले, असे म्हणणे अधिक यथार्थ ठरेल.

मोबदल्याचा हा प्रश्न जीज् बेंडलाही चुकला नाही. गोधड्यांना कीर्ती लाभल्यानंतर, त्यांपासून झालेल्या उत्पन्नात आपला वाटा किती, या मुद्द्यावर २००७ मध्ये तेथील काही स्त्रियांनी न्यायालयात दावे दाखल केले. पुढल्या वर्षी ते तडजोडीने मिटले. कीर्ती आणि कमाई या एकत्रच येतात असे नाही, आणि त्यांच्यातील अंतर मोजायला लेखी हिशेब लागतो.

म्हणून ज्या बचत गटांना गोधड्यांचा व्यवसाय करावयाचा आहे, त्यांनी पहिल्या चौकोनापासून एक वही ठेवावी. कोणत्या दिवशी, कोणी, किती वेळ काम केले. कोणते साहित्य किती रुपयांना आणले. कोणती गोधडी कोणाला, किती किमतीला दिली. राष्ट्रीय कृषी व ग्रामीण विकास बँकेने १९९२ साली बचत गटांना बँकांशी जोडण्याचा कार्यक्रम सुरू केला, तेव्हापासून अशा वह्यांनीच गटांची पत उभी केली आहे. कर्ज मागायला गेलेल्या गटाजवळ तारण म्हणून दाखवायला बहुधा काही नसते. नियमित बचत आणि नीट लिहिलेला हिशेब हाच त्यांचा आधार. चिंध्यांखाली जसा मांजरपाटाचा चौकोन, तशी व्यवसायाखाली ही वही.

घरच्या वापरासाठी शिवलेल्या गोधडीचीही एक नोंद असावी. अस्तराच्या एका कोपऱ्यावर कापडाचा छोटा तुकडा शिवून त्यावर दोऱ्याने वर्ष, शिवणारीचे नाव आणि मुख्य कापड कोणाच्या कपड्यांचे, एवढे भरून ठेवावे. गोधड्या बहुधा निनावी राहतात. तीस-चाळीस वर्षांनी पेटीतून निघाल्यावर ती निळी पट्टी कोणाच्या शर्टाची आणि हिरवी कोणाच्या साडीची, हे सांगणारे कोणी उरत नाही. त्या चार शब्दांना दहा मिनिटे लागतात. साठ तासांच्या कामात तेवढा वेळ अवश्य राखून ठेवावा.